तात्या बेलीफ आणि गडग्यालगतचा झेंडू

तात्या बेलिफांना मी प्रथम पाहिले तेव्हा ते एका वांग्याच्या रोपाला नोटीस वाचून दाखवत होते. अंगात काळा कोट, खाली पंचा, नाकावर चष्मा. "सदर मावा नामक कीड यांस कळविण्यात येते की, तुम्ही आमच्या वांग्यावर बेकायदा मुक्काम केला असून तीन दिवसांत जागा खाली न केल्यास..." मी त्यांच्याकडे भाड्याने खोली मागायला आलो होतो. हाताने मला थांबवून त्यांनी नोटीस पुरी केली, काठीला बांधून वाफ्यात रोवली आणि मग विचारले, "शाळेतले नवे मास्तर ना? अक्षर कसं आहे तुमचं?"

अक्षर बरे होते, म्हणून खोली मिळाली आणि नोटिसा लिहायचे कामही. ही १९३०च्या आसपासची रत्नागिरी. तात्यांनी उभा जन्म कोर्टाच्या नोटिसा लोकांच्या दारात बजावण्यात घालवला होता. पेन्शनीत निघाल्यावर माणसे संपली आणि भाजीपाला सापडला.

नोटिसा सोडल्या तर बागेतली त्यांची समज मात्र खरी होती. "माणूस काय नि भाजी काय, शेजार बघून बसवावी," असे ते येता-जाता म्हणत. वांग्याजवळ कोथिंबीर. "ही वकिलीणबाई. हिच्या वासानं किडा अर्ध्या वाटेतनं परत जातो." वाफ्याच्या कडेने मोहरी. "ही जामीन. मावा आधी हिला धरतो, वांगं सुटतं." एकदा भोपळ्याचा वेल मिरचीच्या वाफ्यात शिरला, तेव्हा अतिक्रमणाचा पंचनामा करून त्याची विहिरीपलीकडे बदली करण्यात आली. पंचनाम्यावर पंच म्हणून माझी सही आहे.

या सगळ्यात झेंडूचे नाव काढायची सोय नव्हती. बागेच्या टोकाला गडगा होता, दगड रचून केलेले बुटके कुंपण. त्यापलीकडे त्यांचे धाकटे भाऊ नाना राहत. गडग्याच्या अलीकडची दोन हात रुंदीची पट्टी कोणाची, यावर दोघांचा दावा चालू होता आणि अकरा वर्षे बोलणे बंद होते. ताबा दाखवायला नानांनी त्या पट्टीत झेंडू लावून ठेवला होता. एकदा मी म्हटले, "तात्या, झेंडूशेजारची वांगी सगळ्यांत टवटवीत दिसतात." ते कडाडले, "ती माझ्या नोटिशीची जरब आहे! झेंडू प्रतिवादीचा आहे, मास्तर."

मग एके दिवशी तात्या दावा जिंकले. आळीभर पेढे वाटले आणि त्याच दुपारी कोट न काढता सगळा झेंडू मुळासकट उपटला. तिथे वांगी लावली. नाना गडग्यापलीकडून बघत होते.

पुढच्या हंगामात गडग्यालगतची वांगी भर दुपारी माना टाकू लागली. तात्यांनी एक रोप उपटले, तर मुळांना गाठीच गाठी. त्यांनी तीन नोटिसा बजावल्या. शेवटचीवर तांबड्या शाईत 'अंतिम' असे लिहिले. काही उपयोग झाला नाही. ते वाफ्याच्या कडेला मटकन बसले आणि म्हणाले, "मास्तर, झेंडू होता तोवर ही मुळांची कीड फिरकली नव्हती. इतकी वर्षं नानाच्या झेंडूनंच सांभाळलंन हो सगळं. आणि मी मेल्यानं त्यालाच उपटलं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडून मुन्सफांना अर्ज लिहवून घेतला: 'मी सदर दावा चुकून जिंकलो आहे, तरी मेहेरबानी करून मला हरवावे.' मुन्सफांनी तो दोनदा वाचला. "जिंकलेल्याला हरवायची तरतूद कायद्यात नाही. भावाशी बोला."

"बोला म्हणे!" तात्या वाटभर पुटपुटत होते. "बोलता आलं असतं तर कोर्टात कशाला गेलो असतो?"

सकाळी ते कोट चढवून निघाले. नोटीस या खेपेस त्यांनी स्वतःच लिहिली होती. मी पंच. आम्हाला पाहताच नानांनी दार लावून घेतले. बंद दारांची तात्यांना सवय होती. त्यांनी तिथेच वाचायला सुरुवात केली. "सदर पट्टीत आठ दिवसांत पूर्ववत झेंडू न लावल्यास, मला या जगात शेजार उरला नाही असे समजून..." पुढची ओळ न वाचता ते चष्मा काढून कोटाच्या बाहीला पुसू लागले. मलाही कुठे बघावे कळेना.

दार उघडले. नानांनी कागद घेतला, खाली 'पोचली' म्हणून सही केली आणि एका ओळीवर बोट ठेवले.

"दादा, 'पूर्ववत'मधला पू दीर्घ. शाळेत असल्यापासून सांगतोय."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?" तात्या डोळे पुसत ओरडले.

झेंडू पुन्हा लागला. त्यानंतर दोघे रोज गडग्याला टेकून भांडत, बहुतेक ऱ्हस्व-दीर्घावरून. माझी राजापूरला बदली झाली, तेव्हा निरोपाला दोघे आले आणि माझ्या टोपलीतली वांगी कोणाच्या झेंडूमुळे तरली यावरही त्यांचे जुंपले.

तात्या गेल्याचे मला उशिरा कळले. भेटायला गेलो तो कार्तिकात. वाफे रिकामे होते, पण गडग्याच्या अलीकडे नाना एकटेच ओणवे होऊन झेंडूची रोपे लावत होते. काही तरी बोलायचे म्हणून मी म्हटले, "नाना, आता ही पट्टी तुमचीच की."

"छे हो!" त्यांनी मातीचा हात कपाळाला पुसला. "कोर्टानं दादाची ठरवलीन ना. मी आपला शेजार."