खळगाभर तेल

चटणीवर तेल घेताना मी आजही अंगठ्यानं खळगा करतो. ही सवय एका अनोळखी म्हातारीची.

लढाईच्या दिवसांत मिरजगावहून नगरला येताना मोटारीत ती शेजारी होती. मी नुकताच विषमज्वरातून उठलो होतो, तेलातुपाच्या धास्तीनं कोरडीच भाकरी चावत होतो. तिला ते बघवेना. माझ्या चटणीत खळगा करून तिनं बाटलीतलं करडईचं तेल ओतलं.

“आता घास उतरंल. पर खळगा भरला की थांबायचं. लई तेल बी अंगाला लागत न्हाई.”

कितीतरी दिवसांनी मला जेवण गोड लागलं.

मग तिनं स्वतःच्या भाकरीचं फडकं सोडलं, चटणीत खळगा केला, बाटली उलटी धरली. थेंबही पडला नाही.

“ऱ्हाऊ दे,” कोरडा घास मोडत ती हसली, “म्या काय आजारी न्हाई.”