मिशी उतरवलेली नायिका

केजच्या एसटी स्टँडासमोर एक हॉटेल आहे. तिथं दर बाजाराच्या दिवशी मी आणि माझा मित्र, रिटायर झालेला ड्रॉइंग मास्तर, मूकपटांची बक्षिसं ठरवत असू. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या चित्रपटांची रिळं बहुतेक केव्हाच नष्ट झाली. जुन्या पुस्तकांतले फोटो बघून आम्ही निकाल लावायचो. न वाचता पुस्तकांना बक्षिसं देणारे परीक्षक मला माहीत होते, त्यामुळे लाज वाटत नसे. शाल नाही, नारळ नाही, आमदार नाही. नियम एकच: वहीत दोघांची सही झाली तरच बक्षीस.

एका वर्षाची सर्वोत्कृष्ट नायिका मात्र अडून बसली होती. फोटोतली नायिका म्हणजे लुगडं नेसलेला पुरुष, पदर वरच्या ओठावर धरलेला. मास्तरनं सही केव्हाच ठोकली होती.

"बाप जित्ता असताना मिशी उतरवली बे त्यानं! गावात कसा हिंडला असंल?"

आमच्याकडे मिशी उतरते ती बाप गेल्यावरच.

"हा त्याग झाला," मी म्हणायचो. "अभिनय कुठाय? निम्मं तोंड पदरात."

"तुला दिसत न्हाई. चष्मा बदल."

यंदा मास्तर गेला. दहाव्याला त्याच्या गावी, युसूफ वडगावला गेलो. मंडप होता, माईक होता. पाच पुढारी बोलले. एकानं त्याला शिक्षणमहर्षी केलं. दुसऱ्यानं जिल्ह्याची हानी झाल्याचं सांगितलं आणि मधेच फोन घेतला. मला रडू येत नव्हतं. मांडी घालून बसल्यानं पायाला मुंग्या तेवढ्या आल्या.

मग मास्तरचा मुलगा आला. चाळिशीचा, एरवी झुपकेदार मिशीचा गडी. आता डोकं सफाचट, ओठ उघडा.

"काका, जेवल्याबिगर जाऊ नका," म्हणाला, आणि बोलता बोलता खांद्यावरचा टॉवेल त्यानं वरच्या ओठावर धरला. माझ्यासमोर उभा होता तोवर काढला नाही.

फोटोतला हात असाच होता.

घरी येऊन वही काढली आणि मास्तरच्या सहीशेजारी सही केली. विशेष काही वाटलं नाही. पान उलटलं. पुढच्या वर्षाच्या नायिकेखाली सह्यांसाठी दोन रेघा त्यानं आधीच आखून ठेवल्या होत्या, पट्टी न लावता, एकदम सरळ.