परचुऱ्यांच्या गाडीचा आवाज

आमोद परचुरेचे कान एकदम गेले नाहीत. आधी बारीक आवाज गेले. कुकरची शिट्टी, दाराची बेल, पहाटेचे पक्षी. मग बायकांचे आणि मुलांचे आवाज पुसट होत गेले. बंगळुरूला नोकरी करणारी मुलगी अस्मिता फोनवर बोलली, की त्याला नुसती फुसफुस ऐकू यायची. यंत्रं लावून झाली, ती बदलून झाली. डॉक्टरांनी कानाची नस निकामी होत चालल्याचं सांगितलं आणि कागदावर आकृती काढून दाखवली. त्या आकृतीत एक रेघ उजवीकडे घसरत गेली होती. डाव्या टोकाला, खर्जातल्या आवाजांच्या जागी, ती अजून थोडी वर होती.

त्या थोड्याशा जागेत काय काय उरलं होतं, ते आमोदला पाठ होतं. लिफ्टची मोटर, रस्त्यावरचा ट्रक, मिक्सरची घरघर, आणि गाडी.

गाडी म्हणजे दोन दारांची, बुटकी, लाल रंगाची जुनी स्पोर्ट्स कार. आमोद भोसरीच्या एका कारखान्यात सुट्या भागांची ड्रॉइंग काढायचा. तरुणपणी मासिकांतली गाड्यांची चित्रं कापून ठेवणारा हा माणूस पन्नाशीला आल्यावर एका डॉक्टरांकडून ती गाडी विकत घेऊन आला, तेव्हा धनकवडीतल्या त्यांच्या सोसायटीत चार दिवस दुसरा विषय नव्हता. तळमजल्यावर राहणारे सोसायटीचे सचिव दिगंबर साने म्हणाले होते, "छान आहे. आत बसायला आधी योगासनं शिकावी लागतील."

पण कान जात चालल्याचं कळल्यापासून साने बदलले. ते आमोदशी हळू, सुटे सुटे शब्द उच्चारून बोलू लागले. टोमणा नाही, काही नाही. एकदा आमोद सुरुचीला म्हणाला, "साने माझ्याशी सभ्यपणे बोलतात गं हल्ली. इतकं वाईट झालंय का माझं?"

सुरुची त्याची बायको. टिळक रोडवरच्या एका सहकारी बँकेत काउंटरवर बसायची. ती त्याच्याशी मोबाइलवर बोलायची, म्हणजे ती बोलायची आणि पडद्यावर अक्षरं उमटायची. 'भाजी आणलीस का' याचं 'बाजी आणली सका' व्हायचं. सुरुवातीला दोघं हसले होते.

ऑफिसात बैठकांना बोलावणं बंद झालं. आमोद न ऐकताच मान हलवायला शिकला होता, आणि त्या मान हलवण्यानं एक काम चुकलं. नंतर त्याला कोपऱ्यातल्या टेबलावर जुन्या ड्रॉइंगची छाननी दिली. तिथं कुणाशी बोलायची गरज नव्हती.

शेवटी ऑपरेशन ठरलं. कानामागचं हाड कोरून आत यंत्र बसवायचं. पुढं ऐकू येईल, पण ते यंत्राचं ऐकणं असेल, सवय करावी लागेल, डॉक्टरांनी लिहून दिलं. त्या कानात नैसर्गिक असं जे काही उरलंय ते बहुधा जाईल. दुसऱ्या कानाची फारशी आशा नव्हतीच.

त्या दिवसापासून आमोदनं डोक्यात एकच घेतलं. गाडीच्या इंजिनात हवा ओढून घेणारा जो भाग असतो, तो बदलायचा. मूळचा काळा प्लास्टिकचा डबा आवाज दाबण्यासाठीच केलेला असतो. तो काढून अॅल्युमिनियमचा रुंद पाइप आणि उघडा, शंकूसारखा फिल्टर बसवला, की इंजिन हवा ओढताना खोल घोगरा हुंकार देतं. खर्जातला. त्याला ऐकू येईल असा.

पार्सल आलं त्या संध्याकाळी सुरुची पडद्यावर अक्षरं उमटायची वाट न पाहता सरळ बोलत सुटली. मोबाइल टेबलावर होता, त्यानं सगळं टिपलं. आमोदनं नंतर वाचलं : 'माझा आवाज तुला ऐकू येत नाही आणि तू गाडीचा आवाज वाढवतोयस.'

तिचा आवाज वाढवायचा पाइप कुठं मिळत नव्हता.

गॅरेजमध्ये तो गेला नाही. स्वारगेटच्या मेकॅनिकसमोर पुन्हा मान हलवत उभं राहायचं त्याला नको होतं. शनिवारी सकाळी त्यानं पार्किंगमध्ये बॉनेट उघडलं, जुन्या चादरीवर हत्यारं मांडली आणि कामाला लागला. डबा निघाला. जुना पाइप निघाला. त्या पाइपावरचा छोटा सेन्सर नव्या पाइपावर बसवायचा होता. इंजिनच्या तोंडाशी हवा सोडणारी एक गोल झडप असते, ती काळी पडली होती. बोटानं ती उघडी धरून तो फडक्यानं पुसत होता. सेन्सरचा स्क्रू त्याच हाताच्या दोन बोटांत धरलेला होता. बोटं तेलकट होती. स्क्रू निसटला.

त्याच वेळी सुरुची चहा घेऊन खाली आली होती. तिनं ऐकलं. टिक, आणि मग आत कुठंतरी खोल घरंगळत गेल्याचा बारीक आवाज. "आत गेला बघ," ती म्हणाली. आमोदची पाठ तिच्याकडे होती. तो वाकून खाली, इंजिनखालच्या पत्र्यावर शोधत होता. तिला वाटलं, त्याला माहीत असेल. ती कप ठेवून बाजूला उभी राहिली.

स्क्रू सापडला नाही. आमोदनं पेटीतला दुसरा लावला, पाइप चढवला, क्लॅम्प आवळले, फिल्टर बसवला. हात पुसत तो आत बसला, तेव्हा सुरुचीच्या लक्षात आलं, की आत गेलेलं काही त्यानं काढलंच नाहीये.

ती खिडकीशी धावली. "थांब, स्क्रू आत आहे."

त्यानं फक्त हलणारे ओठ पाहिले. "काय?"

तिनं मोबाइल पुढं केला. 'स्क्रू आत गेला मी ऐकला.'

"नाही, खाली पडलाय," आमोद म्हणाला. "पत्र्यावर. मला ऐकू आलं पडलेला."

"आमोद, मी इथं उभी होते."

"मला ऐकू आलं म्हणतोय ना." त्याचा आवाज चढला होता, आणि तो किती चढलाय हे त्याला कळत नव्हतं. तळमजल्याची खिडकी उघडली गेली. त्यानं किल्लीला हात घातला. सुरुचीनं आत हात घालून त्याचं मनगट धरलं, किल्ली उपटून काढली आणि मोबाइलवर एकेक शब्द सावकाश बोलली. एकही अक्षर न चुकता वाक्य उमटलं :

'तुला ऐकू येत नाही.'

डॉक्टरांच्या कागदावर, ऑफिसात, शेजाऱ्यांच्या हळू बोलण्यात हे सगळीकडे होतं. पण घरात हे वाक्य कधी कुणी बोललं नव्हतं. आमोदनं ते वाचलं. मग तो गाडीतून उतरला आणि टायरला टेकून तिथंच फरशीवर बसला. इंजिन सुरू झालं असतं तर स्क्रू आत खेचला गेला असता आणि सगळं फोडून टाकलं असतं, हे त्याला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्याहून वाईट हे होतं, की तो आवाज ऐकल्याचं त्याला खरंच वाटलं होतं. जे ऐकू आलं नाही ते डोक्यानं भरून काढलं होतं. आणखी काय काय असं भरून काढत होतो आपण, कुणास ठाऊक.

"काढायचा कसा?" सुरुचीनं विचारलं. खुणेनंच.

त्यानं पाइप पुन्हा उतरवला. झडप उघडून मोबाइलचा उजेड मारला. आत नुसता अंधार. चुंबक लावून पाहिलं, पण स्क्रू स्टेनलेस स्टीलचा, चिकटेना. शेवटी सुरुची वर जाऊन व्हॅक्यूम क्लीनर घेऊन आली. त्याच्या तोंडाला आमोदनं एक बारीक रबरी नळी चिकटपट्टीनं बांधली. वायर पुरेना. सुरुचीनं सान्यांची बेल वाजवली. सान्यांनी काही न विचारता खिडकीतून एक्स्टेंशन बोर्ड बाहेर दिला.

मग आमोद नळी आत फिरवत राहिला आणि सुरुची व्हॅक्यूमच्या डब्याला जवळजवळ कान लावून बसली. तो दर वेळी तिच्याकडे बघायचा. ती मान हलवायची : नाही. त्याचं कपाळ घामानं भिजलं. एकदा तो म्हणाला, "सोड, गाडी भंगारात देतो." तिनं नळीकडे बोट दाखवलं. त्यानं नळी थोडी वाकवून आणखी आत सरकवली. खट्. सुरुचीनं हात वर केला.

डब्यातल्या धुळीत स्क्रू होता. आमोदनं तो तळहातावर धरला, फडक्यानं पुसला आणि खिशात टाकला.

पाइप पुन्हा चढला. या वेळी प्रत्येक क्लॅम्प त्यानं दोनदा तपासला. किल्ली फिरवली. इंजिनानं असा हुंकार दिला, की सुरुची दोन पावलं मागं सरली आणि जिन्याखालचं मांजर पळालं. साने खिडकीतून म्हणाले, "वहिनी, हे घशाच्या डॉक्टरला दाखवा." मग त्यांना आमोदच्या कानांचं आठवलं आणि त्यांनी जीभ चावली.

आमोदनं सुरुचीकडे पाहिलं. "सुरू झाली?"

तिनं मान डोलावली.

त्यानं डॅशबोर्डवरचा हलणारा काटा पाहिला. अॅक्सिलरेटर दाबला. काटा चढला, सीट थरथरली, छातीत कंप आला. तो खाली उतरला, सुरुचीला आत बसवलं, पॅडल कुठलं ते दाखवलं आणि स्वतः फिल्टरवर वाकला. कानातलं यंत्र काढून पाहिलं. पुन्हा लावून पाहिलं. डावा कान, उजवा कान. काचेतून सुरुचीला त्याची पाठ दिसत होती. हुंकार सगळ्या पार्किंगमध्ये घुमत होता आणि तो त्यावर डोकं टेकवून उभा होता.

बऱ्याच वेळानं त्यानं हात हलवला. तिनं किल्ली बंद केली.

"गेल्या आठवड्यापर्यंत येत होता गं," तो म्हणाला. "थोडा तरी येत होता." आणि तो रडू लागला, मोठ्यानं. आपलं रडणं किती मोठं आहे, हे त्याला कळत नव्हतं. सान्यांनी खिडकी हळूच लोटून घेतली. सुरुचीनं त्याला गप्प केलं नाही. ती गाडीतून उतरून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याच्या काळ्या झालेल्या हाताची बोटं धरून ठेवली.

ऑपरेशन झालं. यंत्र सुरू केलं त्या दिवशी आमोदला सगळी माणसं पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखी वाटली. सुरुचीचा आवाज तर आवाजच वाटेना, नुसती टिकटिक. घरी येऊन तो दोन दिवस यंत्र काढून पडून राहिला. कारखान्यानं त्याला कोपऱ्यातल्या टेबलावरच ठेवलं. मधे एकदा त्यानं गाडी सुरू केली, कापड टरकावल्यासारखं काहीतरी ऐकलं आणि बंद करून वर आला. ती विकायची का, यावर दोघांचं अजून ठरलेलं नाही.

रोज संध्याकाळी जेवणाच्या टेबलाशी सराव चालतो. ओठ दिसू नयेत म्हणून सुरुची तोंडापुढं वर्तमानपत्र धरते आणि एकेक शब्द म्हणते.

"पातेलं."

"पाकीट?"

"पातेलं."

"पाऊल?"

ती दमलेली असते. दिवसभर काउंटरवर बोलून तिचा घसा बसलेला असतो. तोही दमलेला असतो, कपाळ धरून बसतो. ती पेपर जरा वर घेते आणि तोच शब्द पुन्हा म्हणते.