सहा तासांची अमेरिका

दादा न्यूयॉर्कला उतरला आणि त्यानं फोन केला, "आबा, रात्री अकराला बसलो, पहाटे पाचला उतरलो." झालं! आबांनी बोटांवर मोजलं, अकरा ते पाच, सहा तास. त्या दिवसापासून आमच्या वडगाव रासाईसाठी अमेरिका सहा तासांवर आली.

"खुटबावला भनीकडं जाऊन यायचं तरी दिस मोडतो," आबा येईल त्याला सांगायचे. "माझं पोरगं सहा तासात दारात हुभं ऱ्हाईल."

मी झेडपीच्या शाळेत मास्तरीण. पोरांना भूगोल शिकवते. ओट्यावर चार माणसं चहाला बसली होती, तेव्हा मी बॅटरी आणि मोसंबं घेऊन आबांना समजावलं, की तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं चालतं, दादा विमानात पंधरा-सोळा तास बसलेला. आबा म्हणाले, "इमानात त्यो बसला का तू? सासर सोडून आलीस, आन् जग शिकिवती व्हय मला!" चौघंही खदाखदा हसले. चहा मीच केलेला होता.

पुढं आबा आजारी पडले. दोन वर्षं त्यांचं हगणंमुतणं मी काढलं, दौंडच्या दवाखान्याच्या खेपा मी घातल्या. कौतुक मात्र फोनमधल्या लेकाचं. दादाला बोलवू का विचारलं की एकच, "आत्ताच कशापायी? सहा तासाचं तर काम हाय. येळ आली की सांग." चीड यायची मला. आबांची यायची, आणि दर रविवारी "काळजी घे गं त्यांची" म्हणून फोन ठेवणाऱ्या दादाची त्याहून जास्त.

वेळ आली. डॉक्टरनं घरी न्या म्हणून सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला आबा म्हणाले, "आता बोलीव त्याला."

मी अंगणात जाऊन फोन लावला. दादा म्हणाला, आजचं विमान गेलं, उद्याचं मिळेल, परवा सकाळपर्यंत पोचतो. आत आले. आबांनी विचारलं, "निघाला का?"

"निघाला," मी म्हणाले.

मग त्यांनी भिंतीवरच्या घड्याळावर नजर लावली. पाणी नको म्हणाले, डोळे मिटायला तयार नाहीत. नऊ वाजले, अकरा वाजले. एक वाजला तेव्हा मान दाराकडं वळवली.

"सहा झालं का?"

"झाले, आबा."

"मंग?"

एवढंच विचारलं त्यांनी. मला एकच वाक्य बोलायचं होतं. तो येतोय आबा, पण वाट लांबची आहे. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, देवाशपथ. पण मला तो ओटा आठवला, ते हसणं आठवलं, आणि मी गप्प बसले. म्हटलं, कळू दे एकदा कोण जवळ आहे ते.

आबांनी माझ्याकडं पाहिलंच नाही. भिंतीकडं तोंड केलं. चारच्या सुमाराला गेले.

दादा तिसऱ्या दिवशी राख सावडायच्या वेळेला आला. बॅग खाली ठेवून रडला आणि म्हणाला, "आबांनी माझी वाट पाहिली का गं?"

"पाहिली की," मी म्हणाले. "सहा तास."

त्याला काही कळलं नाही. आणि मी आजवर त्याला सांगितलेलं नाही.