पोटातलं पाणी

कसबा बावड्यातल्या शेवंताबाईला इंग्रजीतला एकच शब्द पाठ होता, नॉन-अल्कोहोलिक. आणि त्या शब्दानं बाईचं काडीचं भलं केलं नाही.

तिचा नवरा कृष्णात साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता. दारूला कधी शिवला नाही. खोड एकच, चहाची. तोही असा गोडमिट्ट, की पावण्यानं एक घोट घेऊन कप खाली ठेवावा. दर पौर्णिमेला विहारात पंचशील तोच सांगायचा, लोक मागून म्हणायचे. पाचवं शील दारू न पिण्याचं. तिथं आला की गड्याचा आवाज असा चढायचा, की बाहेर कट्ट्यावरचे बेवडेसुद्धा चुळबुळायचे.

दोन हजार चार साली त्याचे डोळे पिवळे झाले, पाय सुजले, पोटात पाणी होऊन ते तटतटून फुगलं. "लिव्हर गेलंय," डॉक्टर म्हणाले, "पण दारूनं नव्हे. नॉन-अल्कोहोलिक आहे." शेवंताबाईनं लेकीला, दीक्षाला अर्थ विचारला. "दारू न पिता झालेलं, आई. साखरेनं, चरबीनंबी हुतंय." बाईचा जीव केवढा भांड्यात पडला! जसा काय रोगच बरा झाला.

पण गल्लीला कोण समजावणार? असं पोट गल्लीनं आजवर बघितलं होतं ते पिणाऱ्यांचंच. शेजारची धोंडुबाई नळावर तोंडावरच म्हणाली, "आमच्या मालकांचंबी आस्संच झालं हुतं. चोरून घेत असतील, तुला काय ठावं?"

"न्हाई वो आक्का! नॉन-अल्कोहोलिक हाय ते!"

"व्हय, व्हय," म्हणत धोंडुबाई घागर उचलून गेली.

पुढच्या पौर्णिमेला कृष्णात काठी टेकत विहारात गेला. पाचव्या शीलाला मागं कुणीतरी फिसकन हसलं. त्यानं शील पुरं केलं, घरी आला आणि भिंतीकडं तोंड करून निजला.

"शेवंता, मी मेल्यावर तरी सांग गं समद्यांस्नी," एवढंच म्हणाला. परत विहाराची पायरी चढला नाही. उसाचा हंगाम सुरू व्हायच्या आत गेला बिचारा.

पुण्यानुमोदनाला विहार गच्च भरला. गल्लीतले थोरले, आकाराम, चार शब्द बोलायला उठले. "माणूस लाखात एक हुता. पण पोरांनो, एका व्यसनानं काय हुतंय, बघा."

शेवंताबाई ताडकन उठली. "पीत नव्हतं ते! थेंबसुदीक न्हाई! नॉन-अल्कोहोलिक हुतं, डॉक्टरांनी सांगितलंय!"

आकारामांनी हात जोडले. "वहिनी, नवऱ्याची अब्रू राखावी तर तुमच्यासारख्या बाईनं." बायकांनी डोळ्यांना पदर लावले. त्यांना तिची खरंच कीव आली होती, हेच तर मरण!

धोंडुबाईनं हाताला धरून तिला खाली बसवलं. "किती झाकशील, बाई? सुटलीस की आता."

"त्यांनी सांगाय सांगितलं हुतं, आक्का," शेवंताबाई म्हणाली. "सांगितलं की मी." आणि नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच ती हंबरडा फोडून रडली.