भूल देण्याआधीचा खेळ

घाटकोपरच्या एका हॉस्पिटलात, मुलांच्या वॉर्डात, संघमित्रा खेळ घेते. आधी ती बालवाडीत शिकवायची. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ती मुलांना कापडी बाहुली, भुलीचा मास्क आणि सुई नसलेली सिरिंज देते. मुलं बाहुलीला भूल देतात, पट्टी बांधतात. उद्या आपल्याला काय होणार, ते त्यांना खेळता खेळता कळतं. भीती जात नाही, पण थोडी कमी होते.

पाच वर्षांच्या रुचिराचा हात उकळत्या वरणाने भाजला होता. जखम भरली, पण कातडी आखडून कोपर सरळ होईना. दोनदा ऑपरेशन करावं लागणार होतं. पहिल्याच्या आदल्या दिवशी तिने बाहुलीला मास्क लावला आणि विचारलं, "आई कुठे असणार?"

"तुझ्याजवळच. तू झोपेपर्यंत," संघमित्रा म्हणाली. भुलीच्या डॉक्टरांनी तसं कबूल केलं होतं.

सकाळी मात्र दुसरेच डॉक्टर आले. त्यांनी रुचिराच्या आईला, वनमालाला, दारातच अडवलं. ती नुसती "सर, सर" करत राहिली. तिची ओढणी रुचिराच्या मुठीतून ओढून सोडवावी लागली. दार लागल्यावरही पोरीच्या किंकाळ्या बाहेर ऐकू येत होत्या.

त्यानंतर रुचिरा संघमित्राकडे बघेना. बाहुली पुढे केली, तर तिने ती भिंतीवर भिरकावली. "खोटारडी!"

"अगं, ताईंना असं बोलतात?" वनमाला ओशाळली.

"बोलू दे तिला. मी सांगितलं तसं झालं नाही ना."

रुचिराने मग सिरिंज उचलली आणि बाहुलीला टोचत सुटली. उशीला बाहुलीची आई केलं आणि खाटेवरून खाली ढकलून दिलं. कितीतरी दिवस ती हेच खेळली. संघमित्रा शेजारी बसायची. घरी मात्र तिला जेवण जायचं नाही.

"एवढं नको ना मनावर घेऊ," नवरा धम्मपाल म्हणाला.

"तिने मला विचारलं होतं रे."

दुसऱ्या ऑपरेशनआधी संघमित्रा वनमालाला अडवणाऱ्या त्या डॉक्टरांना जाऊन भेटली.

"आई आत येऊन रडायला लागली तर कोण सांभाळणार?"

"मी सांभाळते. पण तिला आत घ्या."

"या वेळेपुरतं हां," ते नाखुशीने म्हणाले.

वनमाला आत गेली. रुचिरा तरीही रडली, पण मास्क तिने आपल्या हाताने धरला.

त्याच दुपारी शेजारच्या खाटेवरच्या तेजलने विचारलं, "माझी आई येईल ना आत?"

संघमित्राने तिला जवळ घेतलं. "मी सांगणार आहे त्यांना," ती म्हणाली. "पण येऊ देतील की नाही, मला माहीत नाही गं."