पिशवी दाव

वाईन शॉपच्या जाळीतून गिऱ्हाईक पैसे आत सारतं आणि बाटली बाहेर येते, ही जगाची रीत. आमच्या आखाडा बाळापुरात तसं नव्हतं. गिऱ्हाइकानं नोट पुढं केली की आतून बन्सीसेठ म्हणायचे, "पैसे ऱ्हाऊ दे. पिशवी दाव."

बाजारच्या दिवशी हा नेम ठरलेला. पिशवीत भाजी, गोडं तेल, लेकरांसाठी शेव-मुरमुरे असं काही दिसलं तरच बाटली मिळायची, तीही जुन्या पेपरात गुंडाळून. पिशवी रिकामी असली तर, "आधी बाजार करून ये. दुकान कुठं पळून जाऊन राहिलं का?"

मला हे सगळं ठाऊक, कारण मी त्यांच्याच ओट्यावर भाजी विकायला बसत होते. आता तुम्ही म्हणाल, बाईमाणूस, आणि दारूच्या दुकानापुढं? माझी सासूही हेच म्हणाली होती. पण बाजारात नव्या माणसाला जागा कोण देतं? आमचा जिल्हा तेव्हा परभणीच होता, हिंगोली वेगळी व्हायची होती. मी टोपली डोक्यावर घेऊन ओट्याशी बिचकत उभी राहिले. सेठ चष्म्यावरून बघत म्हणाले, "बसा की, गयाबाई. अशी मोक्याची जागा कलेक्टरला मागून भेटायची न्हाई." आणि खोटं नव्हतं ते. सेठनी माघारी पाठवलेलं गिऱ्हाईक वळलं की समोर मीच!

माणूस अंगानं काडी, आवाज मात्र ढोलासारखा. चहा कायम बशीतून प्यायचे. दुपारी दुकान थंड असलं की बाटल्या गुंडाळायच्या रद्दीतल्या बातम्या मोठमोठ्यानं वाचायचे, आणि कागद माझ्याकडं सरकवून म्हणायचे, "आता तुमी वाचा." माझी शाळा तीच. म्हणून बातम्या मला वर्षभर जुन्याच ठाऊक असायच्या.

पिशवीच्या नेमावर लोकांनी तोडगे काढले नसतील तर ते बाळापूरकर कसले! गणपत म्हणून एक होता, गडी हुशार. एकदा त्यानं कुणाची तरी वांग्यांची पिशवी मागून आणली, दाखवली, बाटली घेतली आणि पिशवी कोपऱ्यावरच्या दोस्ताला दिली. दोस्तानं पुढच्याला. शेवटी सेठनी जाळीतून हात घातला आणि पिशवीतलं एक वांगं बाहेर काढलं.

"गणपतला बोलवा."

"काहून सेठ?"

"ह्या वांग्याची न् माझी सकाळपासून लईच वळख झाली. आता ह्याला चहा पाजावा म्हणतो."

ओट्यावर असा हशा पिकला की गणपत दोन बाजार तिकडं फिरकला नाही.

बायकांचा तर सेठवर फार जीव. कुणीतरी सकाळीच सांगून जायची, "भाऊ, आज त्यायला देऊ नका, पोरगं तापलंय." मग तो माणूस आला की सेठ म्हणणार, "माल संपला."

"अवं, मागं भिंतभर बाटल्या दिसून राहिल्या की!"

"ते चित्र हाय. जा घरी."

मी एकदा विचारलंच, "सेठ, गिऱ्हाईक माघारी लावून तुमाला काय भेटतं?" सेठ बशी खाली ठेवून म्हणाले, "आमची माय बाजारच्या दिवशी बापाच्या तोंडाकडं बघत नव्हती, गयाबाई. हाताकडं बघायची. म्या बी तेच बघतो." एवढं बोलले आणि पुन्हा चहा ओतायला लागले.

पुढं जागेचे म्हातारे मालक गेले. त्यांच्या मुलानं नांदेडहून येऊन सांगितलं, "इथं कॉम्प्लेक्स होणार. वर दवाखाना येतोय, आणि डॉक्टर म्हणतात खाली दारू नको." पुरुषमंडळी विनंती करायला गेली, तर तो हसून म्हणाला, "तुम्ही तर येणारच." मग आम्ही बायका गेलो. बिचारा उठून उभाच राहिला.

"ताई, बायका दुकान हटवा म्हणायला येतात. तुम्ही राहू द्या म्हणता?"

मी म्हटलं, "साहेब, दुकान गेल्यानं दारू थोडीच जाणार हाय? पण गावाभाईर गेल्यावर पिशवी भरायला माघारी कोण येणार?"

त्यानं चहा पाजला, पण ऐकलं नाही. दुकान गेलं, ओटा फुटला, माझी बसायची जागाही गेली. सेठनी ती जुनी जाळी तेवढी उचकटून सोबत नेली.

नवी जागा पेट्रोल पंपाच्या पुढं, हमरस्त्यावर. पत्र्याचं शेड, आजूबाजूला नुसती हळदीची रानं. मी इकडं बाजाराच्या टोकाला नाल्याजवळ बसू लागले, तिथं कोण येतंय? भाजी सुकायला लागली आणि बायका म्हणायला लागल्या, "आमची माणसं हात हलवत येऊन राहिली."

एका बाजारी सेठ स्वतःच माझ्यापुढं येऊन उभे राहिले. भर बाजारच्या दिवशी दुकान बंद करून!

"उठा, गयाबाई."

"काहून?"

"तिकडं रिकामी पिशवी माघारी लावली तर माणूस म्हणतो, सेठ, येवढ्या लांब माघारी कोण जाईल, आज द्या, पुढल्या बाजारी दावतो. आता बाजारच उचलून न्यावा लागंल."

माझा तराजू त्यांनी स्वतःच्या खांद्यावर टाकला. मग मागोमाग तेलवाला आला, मुरमुरेवाली आली. बघता बघता त्या शेडपुढं बाजार भरायला लागला. ट्रकवालेसुद्धा नेमातून सुटले नाहीत. एक सरदारजी कळवळून म्हणाला, "सेठजी, मेरा घर तो पंजाब में है!"

"तो प्याज ले जा. प्याज रास्ते में खराब नहीं होता."

त्यानं माझ्याकडून अर्धं पोतं कांदे नेले.

सेठ गेले तेही बाजारच्याच दिवशी. कळलं तशी माणसं बाजारातून थेट त्यांच्या घरी आली, पिशव्यांसकट. अंगणात कुणाला पिशवी खाली ठेवायचं सुचेना. गणपत आता म्हातारा झाला होता. तो तोंड बघायला पुढं झाला, वाकला, आणि त्यानं पिशवीचं तोंड हळूच सेठकडं उघडलं.

"बघा सेठ," म्हणाला.

आत वांगी होती. या खेपेला त्याची स्वतःची. मीच तोलून दिली होती.